गांधीबागेच्या माडीवर हरणारा विदर्भ : फासे, पत्ते आणि एका संघाची पुनर्बांधणी (थ्रेड)

१/
गांधीबागेतल्या एका कापड दुकानाच्या माडीवर दर रविवारी विदर्भ हरत असे. अकरा वर्षे हरला. खऱ्या मैदानावरचा विदर्भ रणजी करंडक जिंकून आला, तरी माडीवरचा हरतच राहिला. तो संघ माझ्या मामाचा होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो माझ्याकडे आला आणि त्याबरोबर एक प्रश्नही आला: हा संघ मोडून नवा बांधावा की आहे तसाच ठेवावा? मित्रहो, आजचा थ्रेड त्या निर्णयाचा आहे. वाटेत नल राजा, कर्नल सी. के. नायडू आणि अमेरिकेतले ह्यूस्टन शहरही लागेल.

२/
आधी जागा सांगते. अग्रसेन चौकाकडून आत वळले की ठोक कापडाच्या दुकानांच्या रांगा लागतात. आमच्या काकांचे दुकान त्यांपैकीच एक. रविवारी शटर खाली असते. माडीवर पांढऱ्या गादीभोवती थानांचे ढीग असतात आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास सगळीकडे भरून राहिलेला असतो. मधोमध एक पितळी परात. फासे परातीतच टाकायचे, बाहेर पडले तर दान बाद. हा नियम गरजेपोटी आला, कारण थानांखाली गेलेला फासा एकदा दिवाळीच्या सफाईत सापडला होता.

३/
खेळ टेबलावरच्या क्रिकेटचा. शाळेतले पुस्तक-क्रिकेट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे: पुस्तक उघडायचे, डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आले की बाद. डावे पान नेहमी सम क्रमांकाचे, म्हणून शक्यता पाचच: ०, २, ४, ६, ८. पाचांत एकदा बाद. आठला एक धाव मानली तर फलंदाजाची सरासरी येते १३. तिथे गावसकर आणि शेवटचा गडी सारखेच, कारण पुस्तकाला माणूस ओळखता येत नाही. खेळ मजेचा, पण त्यात इतिहास नाही.

४/
खेळात इतिहास आणण्याची युक्ती अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी काढली. १९५१ मध्ये रिचर्ड साइट्झ यांनी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर येथे 'एपीबीए' हा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचा स्वतंत्र पत्ता. दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. ११ पासून ६६ पर्यंत एकूण ३६ दाने. कोणत्या दानाला काय घडेल, ते त्या खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून ठरवलेले. नशीब फाशाचे, पण त्या नशिबाला माणसाचा चेहरा मिळाला.

५/
पुढे १९६१ मध्ये हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' आला. त्यात आणखी एक फासा होता. त्यावर १ ते ३ पडले तर फलंदाजाचा पत्ता वाचायचा, ४ ते ६ पडले तर गोलंदाजाचा. म्हणजे निम्मे भवितव्य मारणाऱ्याच्या हाती, निम्मे टाकणाऱ्याच्या. या पत्त्यांवर अमेरिकेत मित्रमंडळींच्या लीग उभ्या राहिल्या. आमच्या माडीवरच्या लीगने ही दोन्ही तत्त्वे उचलली आणि क्रिकेटला लावली.

६/
आमचा हिशेब असा. एका पत्त्यावर ३६ घरे, एक दान म्हणजे चार चेंडू. सर्व घरांतल्या धावांची बेरीज सुमारे ७२, म्हणजे दर दानाला सरासरी दोन धावा. ज्याची सरासरी २४ त्याच्या पत्त्यावर 'बाद'ची तीन घरे, कारण ७२ भागिले ३ म्हणजे २४. सरासरी ३६ असेल तर बादची घरे दोनच. डावात ७५ दाने, म्हणजे ३०० चेंडू, म्हणजेच ५० षटके. आकडे जुन्या छापील वार्षिकांतून घ्यायचे. पत्ते पेन्सिलीने लिहायचे, कारण पुढे चूक आढळली तर ती सुधारता यावी.

७/
संघ आठ. प्रत्येकाने रणजीतला एक संघ निवडलेला, दुसऱ्या प्रांताचे पाहुणे फार तर तीन. ताईकडे साठच्या दशकातली मुंबई. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला होता, त्यामुळे ताईचे काय चालते हे सांगायला नको. वकीलकाकांकडे होळकर. आणि मामाकडे विदर्भ, तोही ऐंशी-नव्वदच्या दशकांतला. प्रत्येकाने इतर सातांशी दोनदा खेळायचे, म्हणजे हंगामात १४ सामने. अकरा हंगामांतल्या १५४ सामन्यांपैकी मामाने ३७ जिंकले.

८/
आता विदर्भ हा संघ मुळात कुठून आला? १९३४-३५ च्या पहिल्या रणजी हंगामात 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असा संघ होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. पाठोपाठ १९५७-५८ पासून विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून रणजीत उतरला. म्हणूनच आज एका महाराष्ट्राचे रणजीत तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. राजकीय नकाशे बदलले, क्रिकेटचे मात्र जुन्याच रेषांवर राहिले.

९/
विदर्भाच्या जन्माची वेळ पाहा. हा संघ रणजीत आला आणि पुढच्याच हंगामापासून मुंबईची पंधरा वर्षांची मक्तेदारी सुरू झाली. पहिल्या साठ वर्षांत विदर्भाला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर मोठे सामने होत. १९६९ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडने भारताला १६७ धावांनी हरवले. मामा तेव्हा बारा वर्षांचा होता. तो म्हणे, मैदान पाहिले आणि हरणेही पाहिले, दोन्ही एकाच दिवशी.

१०/
नागपूरजवळ मोठा खेळाडू नव्हता असे नाही. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के. नायडू, यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातच झाला. १९२६ मध्ये मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा करणारे आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झालेले नायडू ते हेच. पण १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावले आणि ते गेले.

११/
होळकर संघ हे बाहेरून माणसे आणून संघ बांधण्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. दरबाराचा आश्रय, नायडूंचे नेतृत्व, मुश्ताक अली आणि चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडू. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर युद्धानिमित्त भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करूनही मुंबईकडून हरला. तरी होळकरांनी १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे चार करंडक जिंकले. संस्थाने गेली आणि तो संघही इतिहासजमा झाला.

१२/
आमच्या लीगमध्ये नियमाप्रमाणे नायडूंचा पत्ता होळकरांकडे, म्हणजे वकीलकाकांकडे. मामाचा दरवर्षीचा वाद ठरलेला: "नायडू नागपूरचे, पत्ता माहा!" आणि वकीलकाकांचे उत्तरही ठरलेले: "जन्म तुमचा, धावा आमच्या." मग तर्री पोहे येत आणि वाद पुढच्या वर्षावर जाई.

१३/
मग खऱ्या विदर्भाने संघ नव्याने बांधला. तो एका वर्षात उभा राहिला नाही. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने अकादमी काढून मुले घडवली. २०११ मध्ये वलनीच्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाकडून खेळता खेळता कसोटी संघात पोहोचला. विदर्भातून तिथे जाणारा तो पहिला. बाहेरून आणले ते मोजकेच: मुंबईचा वसीम जाफर, कर्नाटकचा गणेश सतीश. प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले.

१४/
२०१७-१८ च्या उपांत्य फेरीत, कोलकात्याला, कर्नाटकला जिंकायला १९८ हवे होते. ते १९२ वर बाद झाले. पाच धावांनी विजय, रजनीश गुरबाणीचे ६८ धावांत ७ बळी. अंतिम सामना दिल्लीशी. गुरबाणीने पहिल्या डावात हॅट्‌ट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले, अक्षय वाडकरने १३३ केल्या, दिल्लीच्या २९५ ला विदर्भाने ५४७ ने उत्तर दिले. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फझलचा संघ नऊ गडी राखून जिंकला. आणि मैदान कोणते? इंदूरचे होळकर स्टेडियम. नागपूरचा माणूस ज्या शहराने नेला, त्याच शहरात नागपूरने साठ वर्षांनी करंडक उचलला.

१५/
त्या संध्याकाळी मामाने माडीवर संत्रा बर्फी वाटली. पुढच्या हंगामात विदर्भ पुन्हा जिंकला. जाफरने त्या हंगामात १,०३७ धावा केल्या आणि सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले. आमच्या नियमाप्रमाणे तळाचा संघ दरवर्षी पाच पत्ते बदलू शकतो. गुरबाणी, सरवटे, वाडकर, सगळे मामासाठीच राखलेले होते, कारण ते विदर्भाचे. मामाने एकही घेतला नाही.

१६/
मी तेव्हा सामन्यांची वही लिहायला बसत असे. मी विचारले, "मामा, काहून नाही घेत?" तो पत्ते जुळवत म्हणाला, "ते जिंकले ना पोरी. त्याइले माह्या टेबलाची काय गरज? याइले आहे. हरतेत, पण दर साली खेळाले येतेत ना!" मी काही बोलले नाही. त्या वेळी ते उत्तर मला हट्टाचे वाटले होते.

१७/
२०२४ च्या सुरुवातीला मामा गेला. तो हंगाम आम्ही त्याची जागा रिकामी ठेवली. २ मार्च २०२५ रोजी जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक जिंकला. त्याच आठवड्यात काकांनी मला बोलावले. शांतपणे म्हणाले, "बेटा, संघ चालवायचा असेल तर नीट चालव. दोन नवी पोरे जागा मागत आहेत. नुसती आठवण म्हणून पंधरा पत्ते परातीपुढे ठेवायचे, तर ती जागा त्यांना देऊ." ते कठोर होते, पण अन्यायाचे नव्हते.

१८/
अडचण अशी की बदललेला पत्ता आमच्या लीगमध्ये परत येत नाही. तो एका पत्र्याच्या डब्यात जातो. डब्यावर कागद चिकटवलेला होता: 'रद्द'. मामाच्या हाताने लिहिलेले पाच पत्ते त्या डब्यात टाकायचे होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा प्रश्न वाटेल. मला मात्र तीन आठवडे झोप नीट लागली नाही.

१९/
पहिला प्रश्न स्वतःलाच विचारला: संघ दुबळा होता की दुर्दैवी? समजा, संघ बरोबरीचा आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. मग १४ पैकी तीन किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता १६,३८४ मध्ये ४७०, म्हणजे शंभरात जेमतेम तीन. असा हंगाम एखादा येऊ शकतो. अकरा हंगामांचा लेखाजोखाच १५४ मध्ये ३७ असेल, तर तो फाशाचा दोष नाही. दोष पत्त्यांतच होता.

२०/
तो नेमका कुठे होता, ते मामाच्या वहीत सापडले. शेवटच्या पानावर एकच हिशेब: आपल्या गोलंदाजांच्या पत्त्यांवर बळीची घरे दोन, इतरांच्या पत्त्यांवर तीन. डावातल्या ७५ दानांपैकी निम्मी गोलंदाजाच्या पत्त्यावर वाचली जातात, म्हणजे साडेसदतीस. त्यांना ३६ ने भागा. उत्तर जवळजवळ एक. खाली मामाने लिहिले होते: 'एक घर कमी, एक गडी कमी. दर सामन्यात.' म्हणजे त्याला सगळे माहीत होते. तो कळत असूनही हरत होता.

२१/
इथे एक कबुली द्यायला हवी. पत्ते पेन्सिलीचे होते. एका रात्री मी खोडरबर हाती घेतले. प्रत्येक गोलंदाजाच्या पत्त्यावरचे एक '२' पुसून 'बाद' लिहायला क्षणही लागला नसता. ती वार्षिके आता कोण उघडून पाहणार? जुनी माणसे तशीच राहिली असती आणि जिंकलीही असती. मग वाटले, ज्या माणसाने अकरा वर्षे पराभव सोसला पण एक घर खोटे लिहिले नाही, त्याच्या पत्त्यांवर आपण हात चालवायचा? खोडरबर ठेवून दिले. इतिहास लिहिणाऱ्याने खोडरबराची भीती बाळगलेलीच बरी.

२२/
दुसरा मार्ग ह्यूस्टनचा. अमेरिकी बेसबॉलमध्ये तेव्हा तळाच्या संघाला नवे खेळाडू आधी निवडता येत. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने आपले अनुभवी खेळाडू देऊन टाकले, नवोदितांवर भर दिला आणि २०११, २०१२ व २०१३ मध्ये अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले. २०१७ मध्ये ते विश्वविजेते झाले, विदर्भाच्या पहिल्या विजयाआधी जेमतेम दोन महिने. पण जानेवारी २०२० मध्ये चौकशीअंती सिद्ध झाले की त्या हंगामात ते कॅमेऱ्याने प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरत आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला सांगत. संघ कष्टाने बांधलेला होता, तरी विजयावर डाग राहिला.

२३/
तिसरा मार्ग होळकरांचा. वकीलकाका म्हणाले, "प्रशांत वैद्य आणि प्रीतम गंधे दे, नायडू घेऊन जा. तुझ्या मामाची इच्छा पूर्ण होईल." मोह मोठा होता. पण विचार केला, तर नायडू नागपुरातून गेले हे सत्य आहे. त्यांच्या जाण्याने या शहराच्या क्रिकेटचे काय झाले, त्याचा तो पत्ता पुरावा आहे. माझ्या सोयीसाठी त्यांना परत आणणे हीसुद्धा एक प्रकारची खाडाखोडच. मी नकार दिला. वकीलकाकांना, मला वाटते, बरे वाटले.

२४/
आणि इथे नल राजा भेटला. फासा आपल्याकडे फार जुना: मोहेंजोदडोला मातीचे घनाकृती फासे सापडले, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे अक्षसूक्त आहे. नलाने द्यूतात पुष्करापुढे निषध देशाचे राज्य घालवले, पत्नी दमयंतीशी ताटातूट झाली. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिचे माहेर कुंडिनपूर. परंपरा ते अमरावती जिल्ह्यातले वर्धाकाठचे कौंडण्यपूर मानते.

२५/
वनपर्वातला प्रसंग असा. वेष पालटलेला नल सारथी होऊन राजा ऋतुपर्णाला कुंडिनपुराकडे नेत असतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण एका दृष्टिक्षेपात त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवून मोजतो, संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. त्याच क्षणी कली नलाच्या अंगातून निघतो. पुढे नल पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि राज्य परत मिळवतो.

२६/
ही कथा मी लहानपणापासून ऐकली होती, पण एक गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. हरलेल्या नलाने फासे बदलले नाहीत, कपट केले नाही आणि द्यूताकडे पाठही फिरवली नाही. तो मोजायला शिकला. आणि ते शिकला विदर्भाच्या वाटेवर. मामाची वही उघडून मी पुन्हा पाहिली. मोजायला तोही शिकला होता. डाव पुन्हा मांडायचा तेवढा राहिला होता. ते काम माझ्यावर आले होते.

२७/
तरी मामाच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते: जिंकलेल्यांना आपल्या टेबलाची गरज काय? उत्तर प्रशांत वैद्यांच्या पत्त्याने दिले. वैद्य विदर्भाचे जलदगती गोलंदाज, भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेले. त्यांच्या खेळण्याच्या काळात विदर्भ करंडकाच्या जवळही गेला नाही. पण निवृत्तीनंतर अकादमीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे हरणारा विदर्भ आणि जिंकणारा विदर्भ हे दोन संघ नव्हेत. एकाने दुसऱ्याला घडवले. मामाने दोघांमध्ये भिंत उभारली होती, ती मायेने उभारलेली होती, पण इतिहासाला धरून नव्हती.

२८/
निर्णय असा झाला. पाच पत्ते बदलायचे, दहा ठेवायचे. आत आले हर्ष दुबे (२०२४-२५ च्या हंगामात ६९ बळी, रणजीतला एका हंगामातला विक्रम), आदित्य सरवटे, रजनीश गुरबाणी, अक्षय वाडकर आणि एकच पाहुणा, वसीम जाफर. वैद्य आणि गंधे राहिले. मुद्दाम हरायचे नाही, एका घरातही खाडाखोड करायची नाही आणि दरवर्षी पाचाऐवजी दोनच पत्ते बदलायचे, म्हणजे जुने हळूहळू नव्यांत मिसळतील.

२९/
जाणाऱ्या पाच पत्त्यांच्या पाठीवर मी मामाच्या वहीतल्या नोंदी उतरवल्या: हा कुठल्या गावाहून सकाळच्या पॅसेंजरने यायचा, याने कोणत्या पावसाळी सामन्यात एकट्याने दिवस काढला, कोणाची बॅट कोणी उसनी घेतली होती. मग काकांना म्हणाले, "पत्ते टाकते, पण डब्यावरचा कागद बदला." मतदान झाले, आठही हात वर आले. आता डब्यावर लिहिले आहे: 'निवृत्त'.

३०/
पहिला हंगाम संपला. १४ पैकी पाच सामने जिंकले. अभिनंदन करणाऱ्यांना मी सांगते की घाई नको. सामन्यागणिक चारांत एक अशी शक्यता असलेला जुना संघसुद्धा साधारण चार हंगामांतून एकदा पाच किंवा अधिक सामने जिंकला असता. म्हणजे पुनर्बांधणी जमली की नाही, हे अजून सिद्ध झालेले नाही. आणखी तीन-चार हंगाम मोजावे लागतील. विदर्भाला साठ वर्षे लागली होती.

३१/
शेवटच्या रविवारी ताईच्या मुंबईशी सामना होता. मुंबईला ९ धावा हव्या होत्या आणि दोन दाने उरली होती. मी गोलंदाजी गंध्यांना दिली. पहिल्या दानाला चार धावा. दुसऱ्याला परातीत ५ आणि ३, तिसरा फासा चारचा, म्हणजे पत्ता गंध्यांचा. त्रेपन्नाव्या घरात मामाच्या अक्षरात लिहिले होते: 'बाद'. काकांनी वही माझ्याकडे सरकवली. निकालाच्या रकान्यात मी 'विदर्भ' लिहिले, पेनने.

३२/
मित्रहो, तुमच्या घरीही असा एखादा जपलेला पराभव असेल: आजोबांची बंद पडलेली गिरणी, वाड्याचा हरलेला दावा, गावचा मोडलेला आखाडा. तो जपावा की नव्याने बांधावा, हे मी सांगणार नाही. पण ठरवण्याआधी एकदा नीट मोजा. आणि मोजून झाले की जुन्या पत्त्यांच्या पाठीवर चार ओळी लिहून ठेवा. तुमच्या घरातली अशी गोष्ट खाली लिहा, मी प्रत्येक वाचेन.